मध्येच शाळा सुटलेलं मूल पुन्हा वर्गात बसवायचंय? कोल्हापूर जिल्ह्यात अर्ज कुठे, कागद कोणते

"दोन महिनं गेलं नाही, आता नाव कमी केलं असंल. बघू जूनला." शिरोळ-हातकणंगल्याच्या ऊसपट्ट्यात, इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या गल्ल्यांत हे सर्रास ऐकू येतं. जूनची वाट बघायची गरज नाही. वर्षाच्या मध्येही मुलाला शाळेत घ्यावंच लागतं.

हा हक्क कोणाला लागू? ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला, मूळ गाव कोणतंही असो. पटावर नाव असूनही सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूल आपल्याकडे शाळाबाह्य धरतात. शिक्का ऐकायला वाईट, पण फायद्याचा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ४ नुसार शाळाबाह्य मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं आणि बुडालेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळतं. वय १४ च्या पुढे गेलं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफतच.

जुनीच शाळा असेल तर नवा प्रवेश घ्यावा लागत नाही. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही (कलम १६). मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या: मुलाचं नाव, इयत्ता, कधीपासून गैरहजर, कारण, आणि "उद्यापासून नियमित पाठवतो". कारण खरं लिहा. "धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवली होती" असं लिहिलं तर बिघडत नाही. उलट अडचण काय आहे ते शिक्षकांना कळतं. "गैरहजर राहतोय तर दाखला घेऊन जा" असं कुणी म्हणालं, तर दाखला घेऊ नका. पोरं शाळेतून सुटतात ती बहुतेक इथेच.

नवी शाळा असेल तर जन्मदाखला, आधीचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो असतील तर न्या. नसतील म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्मदाखल्याऐवजी दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते, तीही नसेल तर पालकांचं वयाबद्दलचं लेखी निवेदन. जुना दाखला यायला उशीर होतोय, हे कारण कलम ५ प्रमाणे चालत नाही. आधारसाठी प्रवेश नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय.

बीडकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांनी मूळ शाळेतून निघतानाच शिक्षण हमी कार्ड घ्यावं. ते दाखवून कारखाना परिसरातल्या जिल्हा परिषद शाळेत मूल बसतं आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत आपल्या वर्गात जातं. कार्ड राहिलं असेल तरी शाळेत जाच. खोपीवर तान्ह्याला सांभाळत थांबलेली बारा वर्षांची मुलगी दोन हंगामांत अभ्यासात इतकी मागे पडते, की मग घरात तिच्या लग्नाचाच विषय निघतो. शिवाय एक घर पोर घरी ठेवतं, ते बघून शेजारचंही ठेवतं. वस्तीवरच्या शाळेचा पट घटला की शिक्षकाचं पद जातं, आणि रोज येणाऱ्या पोरांनाही एकाच गुरुजींकडे तीन-तीन इयत्ता शिकायची वेळ येते.

शाळेने नाही म्हटलं तर तोंडी भांडू नका. अर्ज दोन प्रतींत करून एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. गावात केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. कोल्हापूर शहरात महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती. कलम ३२ खाली लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. (याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज अर्ज घेऊन पालकाला फिरावं लागतं.)

नववी-दहावीत शाळा सुटली असेल तर हा कायदा उपयोगी पडत नाही, आणि नियमित विद्यार्थ्याला बोर्डाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरी लागते. मग १७ नंबरचा फॉर्म. किमान पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण असली की दहावीला खासगी बसता येतं. मूळ दाखला, आधार आणि फोटो तयार ठेवा. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. मुदत दरवर्षी बदलते, त्यामुळे जून-जुलैपासूनच जवळच्या माध्यमिक शाळेत किंवा कोल्हापूर विभागीय मंडळात चौकशी करत राहा.