जात्याची घरघर आणि बांगड्यांची किणकिण

गेल्या श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी अमळनेरजवळच्या गावी गेलो होतो. भाच्याने मोबाइलवर एक फाइल ऐकवली. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. जुन्या कॅसेटवरून कधीतरी एमपीथ्री करून घेतली होती, ती त्याने आता वेव्हमध्ये बदलली होती. "मामा, आते आवाज भारी व्हयना ना?" फाइल अकरा पट फुगली, म्हणजे आवाजही सुधारला, असं त्याला मनापासून वाटत होतं. आवाज होता तसाच होता. हा गैरसमज इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की लिहायला बसलो.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलसाठी हा दाब सेकंदाला 44,100 वेळा मोजतात आणि प्रत्येक माप 16 बिटांत, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवतात. डावी-उजवी बाजू धरून सेकंदाला 14,11,200 बिट झाले. नेहमीची एमपीथ्री 1,28,000 मध्ये भागवते. थोडी बचत नेटक्या मांडणीतून होते, पण मोठा वाटा सरळ फेकून दिलेला असतो. काय फेकायचं ते ठरतं आपल्या कानाच्या रचनेवरून, आणि मला सगळ्यात मोह पडतो तो इथेच.

आतल्या कानात शंखासारखं वेटोळं असतं, कर्णावर्त. त्यात सुमारे 35 मिलिमीटर लांबीचा एक पडदा पसरलेला असतो. बारीक, उंच आवाजांनी त्याचं तोंडाकडचं टोक थरथरतं, खर्जातल्या आवाजांनी आतलं. लाट मात्र नेहमी तोंडाकडूनच आत जाते. त्यामुळे जात्याची घरघर आपल्या जागी पोचण्याआधी उंच आवाजांची जागाही हलवून जाते. खर्ज मोठा असला की तो जवळच्या, वरच्या स्वरांना झाकतो. उलट दिशेने हे झाकणं फारच कमी. दोन ओळींच्या मधला आईचा हलका श्वास घरघरीत बुडाला, तर कानात शिरूनही तो ऐकू येत नाही. एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम आवाजाचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा खर्जापासून उंच स्वरांपर्यंतच्या 576 कंप्रतापट्ट्यांत वाटतो, कुठल्या पट्टीत किती झाकलं जातंय याचा हिशेब मांडतो आणि झाकलेल्या जागी मापं मुद्दाम ढोबळ लिहितो. त्या ढोबळपणाची खरखर घरघरीखालीच लपते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी ज्यावर वर्षानुवर्षं काम केलं, ती पद्धत 1993 मध्ये प्रमाणित झाली.

बांगड्या मात्र हा हिशेब चुकवतात. एका तुकड्याची लांबी सुमारे 26 मिलिसेकंद. किणकिण तुकड्याच्या शेवटी झाली, तरी ढोबळपणाची खरखर तुकडाभर पसरते, म्हणजे किणकिण होण्याच्या आधीच ऐकू येते. मोठा आवाज त्याच्या आधीच्या बारीक आवाजाला जेमतेम काही मिलिसेकंदच झाकू शकतो. म्हणून अशा वेळी प्रोग्रॅम आखूड तुकडे वापरतो. बिट अपुरे पडले की तेही निभावत नाही. आईच्या फाइलमध्ये प्रत्येक किणकिणीआधी बारीकसं 'स्स' आहे, ते यामुळेच.

वेव्हमध्ये बदलताना ते 'स्स'सुद्धा जसंच्या तसं, मोठ्या जागेत लिहिलं गेलं. दळलेल्या पिठाचा पुन्हा दाणा होत नाही. त्याच फाइलची परत एमपीथ्री केली तर आणखी थोडं गळतं, दर वेळी. फ्लॅक या दुसऱ्या फाइल-प्रकाराचं तसं नाही: ती फाइल वेव्हच्या साधारण निम्म्या जागेत बसते आणि उघडली की प्रत्येक बिट परत मिळतो.

गाणं '432 हर्ट्झ'मध्ये बदलून ऐकलं की आजार पळतात, असेही व्हिडिओ गावोगाव फिरतात. वाद्यं ज्या स्वरावर जुळवतात तो सेकंदाला 440 कंपनांचा, म्हणजे 440 हर्ट्झचा असतो; त्याचे 432 करणं म्हणजे पट्टी दोन टक्क्यांहूनही कमी खाली आणणं. त्याने रक्तदाब उतरत नाही, आणि त्या भरवशावर कुणी गोळ्या बंद केल्या तर जीवावर बेतेल.

कॅसेट अजून आमच्या कपाटात आहे. तिच्यावरून आता थेट वेव्ह करतोय, मग जपायला फ्लॅक. एमपीथ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला. पहिली बाजू झाली. बांगड्यांच्या आधीचं ते 'स्स' तिच्यात नाही.