लहान मुलांवरच्या क्लिनिकल ट्रायल

लहान मुलांवरची क्लिनिकल ट्रायल म्हणजे एखादं औषध, लस, ऑपरेशन किंवा अगदी साधी सवयसुद्धा (बाळाला कसं झोपवायचं, कुठला पदार्थ कधीपासून भरवायचा) मुलांच्या खरंच उपयोगाची आहे का आणि त्यातून काही अपाय होतो का, हे आधी ठरवून घेतलेल्या नियमांनी मोजून बघणं. बहुतेक वेळा मुलांचे दोन गट पाडतात, आणि कुठलं मूल कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, आईबाबाही ठरवत नाहीत, ते चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो. याला रँडमायझेशन म्हणतात. आपल्या बाळाचा उपचार चिठ्ठीवर ठरणार हे ऐकून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण अशी ट्रायल तेव्हाच करता येते जेव्हा दोन उपचारांपैकी चांगला कुठला हे जाणकारांनाही ठामपणे सांगता येत नसतं, आणि अशा वेळी एक डॉक्टर आपल्या अनुभवावरून एक उपचार देतो, दुसरा डॉक्टर दुसरा देतो, तेव्हाही प्रयोग चालूच असतो, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही आणि पुढच्या बाळाला त्यातून काहीच मिळत नाही. या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मोठ्यांचा डोस अर्धा करून चालत नाही

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे वाक्य बालरोगतज्ज्ञांच्या तोंडी कायम असतं आणि त्यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. नवजात बाळाचं लिव्हर आणि किडनी अजून पूर्ण तयार नसतात, शरीरात पाण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे तेच औषध बाळाच्या अंगात कितीतरी जास्त वेळ रेंगाळू शकतं. १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक नवजात बाळांना दिलं जायचं, काही बाळं राखाडी पडून दगावायला लागली, आणि १९५९ मध्ये लक्षात आलं की हे औषध निकामी करून बाहेर टाकण्याची ताकद त्यांच्या लिव्हरमध्ये नव्हतीच. त्याच्या आधी १९५६ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की इन्फेक्शन होऊ नये म्हणून कमी दिवसांच्या (म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या) बाळांना जे सल्फाचं औषध सर्रास दिलं जात होतं, त्या गटात मृत्यू जास्त होते आणि मेंदूत कावीळ शिरल्याच्या केसेसही जास्त होत्या. औषध इन्फेक्शनवर चांगलं होतं, म्हणून कोणाला शंकाच आली नव्हती. उलट एक-दोन वर्षांच्या मुलांचं शरीर काही औषधं मोठ्यांपेक्षाही पटकन बाहेर टाकतं, तिथे किलोमागे डोस जास्त लागतो. म्हणजे नुसतं वजनाचं गणित मांडून भागत नाही, त्या त्या वयात मोजावंच लागतं.

तरीही बराच काळ कंपन्या मोठ्यांवर ट्रायल करून थांबायच्या आणि डॉक्टरांना गोळी मोडून, अंदाजाने द्यावी लागायची. यावर अमेरिकेने १९९७ मध्ये आमिष दाखवलं, मुलांमध्ये अभ्यास केलात तर ते औषध विकण्याचा एकाधिकार सहा महिने जास्त मिळेल, आणि २००३ च्या कायद्याने काही औषधांसाठी तो अभ्यास सक्तीचाच केला. युरोपात असा कायदा जानेवारी २००७ पासून लागू आहे.

ऑक्सिजनची गोष्ट

या विषयातली एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगावी. १९४० च्या दशकात इन्क्युबेटर सुधारले, कमी दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन मिळायला लागला, आणि त्याच सुमाराला ही बाळं आंधळी व्हायला लागली. डोळ्याच्या पडद्यावर विचित्र रक्तवाहिन्या वाढायच्या आणि पडदा सुटून यायचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जगभरात साधारण १०,००० बाळांची दृष्टी गेली होती, आणि कारण म्हणून व्हिटॅमिनपासून दुधापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

सिल्व्हरमन यांनी तेव्हा एसीटीएच नावाचं हॉर्मोन देऊन बघितलं. ३१ पैकी २५ बाळांची नजर वाचली, दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये हे औषध न दिलेल्या ७ पैकी ६ बाळांची गेली, कोणीही म्हटलं असतं की औषध सापडलं. त्यांनी मात्र चिठ्ठी टाकून नीट ट्रायल केली, तर एसीटीएच घेतलेल्यांपैकी एक तृतीयांश बाळं आंधळी झाली आणि न घेतलेल्यांपैकी एक पंचमांश, शिवाय औषधाच्या गटात मृत्यूही जास्त. सुरुवातीची बरीच बाळं आपोआपच बरी होणारी होती. स्वतःच्याच उपचाराविरुद्ध आलेला निकाल मान्य करायला मोठं धैर्य लागतं, त्यांनी तो केला आणि पुढे आयुष्यभर हीच गोष्ट इतरांना सांगत राहिले.

मग १९५३ मध्ये अमेरिकेतल्या १८ हॉस्पिटलांनी मिळून ट्रायल सुरू केली आणि वर्षभरात स्पष्ट झालं की दोष जास्तीच्या ऑक्सिजनचा आहे. ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली ठेवायचा असा दंडक पडला, अंधत्व झपाट्याने कमी झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण त्या ट्रायलमध्ये बाळं ४८ तासांची झाल्यावर घेतली होती, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत ऑक्सिजन कमी पडून कोणी दगावतं का हे त्या आकड्यांत दिसणं शक्यच नव्हतं. १९७३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ केनेथ क्रॉस यांनी अंदाज मांडला की एका बाळाची नजर वाचवताना सुमारे १६ बाळांचा जीव गेला असावा. चांगल्या ट्रायलमध्येसुद्धा काय मोजलं नाही हे विचारायचं असतं, ते इथून शिकायला मिळतं.

मग नेमका किती ऑक्सिजन? याचं उत्तर यायला २०१० उजाडलं. सपोर्ट नावाच्या ट्रायलमध्ये २४ ते २७ आठवड्यांच्या गर्भावस्थेत जन्मलेली १,३१६ बाळं होती, एका गटात रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवलं, दुसऱ्यात ९१ ते ९५. कमी ऑक्सिजनच्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्यावर आला, ८.६ टक्के विरुद्ध १७.९, पण डिस्चार्जच्या आधीचे मृत्यू १९.९ टक्के विरुद्ध १६.२. त्यानंतर इतर देशांतल्या ट्रायलचे आकडे एकत्र करून बघितले तरी जिवाचं पारडं वरच्या आकड्यांकडेच झुकलं. आज एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये) मॉनिटरवर ९० च्या वर आकडा राहावा म्हणून नर्स धडपडते त्यामागे एवढा साठ वर्षांचा इतिहास आहे.

उघड वाटणारं उत्तर चुकतं तेव्हा

तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं मूल आलं की शिरेतून भराभर सलाईन सोडायचं, हे जगभर शिकवलं जायचं. केनिया, युगांडा आणि टांझानियामधल्या डॉक्टरांनी कॅथरीन मेटलँड यांच्या नेतृत्वाखाली फीस्ट नावाची ट्रायल केली, निकाल २०११ मध्ये आला. ३,१४१ मुलं होती, काहींना सलाईन भराभर, काहींना अल्ब्युमिन (रक्तातल्या एका प्रोटीनचं द्रावण) भराभर, आणि काहींना नेहमीच्या हळू गतीने द्रव. ४८ तासांत भराभर देण्याच्या दोन्ही गटांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं गेली, हळू देण्याच्या गटात ७.३ टक्के. म्हणजे दर १०० मुलांमागे तीन जास्त मृत्यू, तेही मदत म्हणून दिलेल्या उपचाराने. ट्रायल लगेच थांबवली. विशेष म्हणजे भराभर सलाईन दिल्यावर मुलं थोडा वेळ बरी दिसायची, खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला फायदाच दिसणार, नुकसान कळायला मोजणीच लागली. (जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेली मुलं या ट्रायलमध्ये नव्हती, त्यांना द्रव द्यायलाच हवं, इथे गल्लत करू नये.) या हॉस्पिटलांत व्हेंटिलेटरची सोय नव्हती, म्हणून मोठ्या आयसीयू असलेल्या ठिकाणी हा निकाल किती लावायचा यावर अजून वाद आहेत.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीचंही असंच उलटं निघालं. ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा दाखवूच नका असा सल्ला अमेरिकेत २००० पासून दिला जात होता, तरी ॲलर्जी वाढतच होती. ॲलर्जीतज्ज्ञ गिडिअन लॅक यांच्या टीमला दिसलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांच्या दहापट आहे, आणि इस्रायलमध्ये बाळं पहिल्याच वर्षी शेंगदाण्याचा खाऊ खातात. नुसत्या निरीक्षणावर न थांबता त्यांनी लंडनमध्ये लीप ट्रायल केली, जोरदार एक्झिमा (त्वचा लाल होऊन खाजणं) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं, अर्ध्यांना शेंगदाणा नियमित द्यायचा, अर्ध्यांना अजिबात नाही. २०१५ चा निकाल, पाच वर्षांच्या वयात ॲलर्जी टाळणाऱ्यांत १७.२ टक्के, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. हीच मुलं वयात आल्यावर परत तपासली तेव्हाही फरक टिकून होता. इतकी वर्षं आयांनी जिवापाड काळजी घेऊन जे टाळलं त्यानेच नुकसान होत होतं, आणि त्यांचा यात काहीच दोष नव्हता, सल्लाच मोजून न बघता दिलेला होता. (अख्खा दाणा बाळाच्या घशात अडकतो, ट्रायलमध्येही पेस्ट किंवा विरघळणारा खाऊच दिला होता, आणि जोरदार एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.)

एका ठिकाणचं दुसरीकडे चालतंच असं नाही

जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळाचं शरीर ७२ तास थंड ठेवलं तर मेंदूचं नुकसान कमी होतं, हे श्रीमंत देशांतल्या ट्रायलमध्ये सिद्ध झालं होतं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात ४०८ बाळांवर हेलिक्स ट्रायल झाली, २०२१ मध्ये निकाल आला, तर मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालंच नाही आणि नुसते मृत्यू थंड केलेल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात ३१. का, याची कारणं अजून शोधली जात आहेत.

त्याच वर्षी उलट दिशेची बातमी आली. कांगारू केअर, म्हणजे कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं, हे १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटामध्ये इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून सुरू झालं. बाळ स्थिर झाल्यावरच ते द्यायचं असा नियम होता. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या ३,२११ बाळांवर (वजन १ ते १.८ किलोच्या आत) जन्मल्याबरोबर सुरू करून बघितलं, त्यासाठी आईची खाटच एनआयसीयूमध्ये आणली, आणि २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. ट्रायल लवकर थांबवून सगळ्यांनाच हे द्यायला लागले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलला. हा निकाल मला फार आवडतो, कारण आई हीच उपचार ठरली आणि तिला काचेबाहेर उभं करण्याची पद्धत आकड्यांनी मोडून काढली.

लस, कॅन्सर, टीबी

आरएसव्ही हा लहान बाळांच्या छातीत कफ भरवणारा व्हायरस. १९६० च्या दशकात त्याची मेलेल्या व्हायरसची लस बाळांवर तपासली तेव्हा भयंकर झालं, लस घेतलेल्या ज्या बाळांना नंतर इन्फेक्शन झालं त्यांतली ८० टक्के हॉस्पिटलमध्ये गेली, दोन दगावली. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. त्यानंतर अनेक दशकं कोणी धजावलं नाही. २०१३ मध्ये व्हायरसवरच्या प्रोटीनचा पेशीत शिरण्याआधीचा खरा आकार समजला आणि कोडं सुटलं. आता निर्सेव्हिमॅब हे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन आहे, फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या ८,०५८ बाळांच्या ट्रायलमध्ये त्याने हॉस्पिटलमध्ये भरती होणं ८३ टक्क्यांनी कमी केलं, आणि गरोदरपणात आईला द्यायची लसही आली आहे.

मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरच्या एएलएल या प्रकारात १९६० च्या दशकात दहातलं एक मूलही वाचत नव्हतं, आता साधारण ९० टक्के वाचतात, आणि यात एखादं जादूचं औषध नाही, एका ट्रायलचं उत्तर घेऊन पुढची ट्रायल, असं पायरीपायरीने झालं. २०२४ च्या ट्रायलमध्ये नेहमीच्या केमोला ब्लिनाट्युमोमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध जोडल्यावर तीन वर्षं आजार न उलटता राहिलेली मुलं ८७.९ वरून ९६ टक्के झाली. टीबीच्या शाइन ट्रायलने तर औषध वाढवण्याऐवजी कमी केलं, सौम्य टीबीच्या मुलांना सहाऐवजी चार महिने पुरतात हे २०२२ मध्ये १,२०४ मुलांत दाखवलं. रोज कडू गोळ्या भरवणाऱ्या घराला दोन महिने म्हणजे काय ते त्यांनाच विचारावं.

संमती आणि सुरक्षा

मूल स्वतः हो म्हणू शकत नाही, म्हणून पालकांची लेखी संमती लागते, आणि साधारण सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचाही होकार घेतात. हे नियम असेच आलेले नाहीत. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या संस्थेत १९५० ते ७० च्या दशकांत मुलांना मुद्दाम हेपेटायटिसची लागण करून अभ्यास केला गेला, तो संशोधनाच्या इतिहासातला मोठा कलंक आहे. आज ट्रायलबाहेरची एक स्वतंत्र समिती मधूनमधून आकडे बघते आणि नुकसान दिसलं तर थांबवते, फीस्ट तशीच थांबली. रक्त किती काढायचं यावरही मर्यादा असते, कारण एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच मुळी ८० ते ९० मिली असतं.

दुर्मिळ आजारांत मात्र दोन गट पाडायला मुलंच नसतात. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात रक्तात अमोनिया साठवणाऱ्या जन्मजात आजाराच्या एका बाळासाठी, फक्त त्याच्याच जीनमधली चूक दुरुस्त करणारं औषध काही महिन्यांत बनवलं आणि तीन डोस दिले, त्यानंतर त्याला जास्त प्रोटीन पचायला लागलं. अशा वेळी तुलना करायची ती त्याच बाळाच्या आधीच्या आकड्यांशी, म्हणून औषधाच्या आधीपासूनच अमोनिया, प्रोटीन आणि इतर औषधांचे डोस काटेकोर लिहून ठेवावे लागतात, आणि लिव्हरवर काही उशिरा परिणाम होतो का हे बघायला त्या मुलाची तपासणी पुढची कित्येक वर्षं चालू ठेवावी लागते.