कस्तुरी, कृत्रिम : सुरक्षिततेचे मूल्यमापन

कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतील स्रावासारखा वास असलेली, प्रयोगशाळेत तयार केलेली संयुगे. साबण, धुण्याची पावडर व अत्तरे यांत ती वापरतात.

‘कस्तूरी’ शब्दाचा संबंध काही अभ्यासक बीव्हर या प्राण्याच्या ‘कास्टोर’ या ग्रीक नावाशी जोडतात. तो निर्विवाद नाही. कस्तुरीवाचक फार्सी ‘मुश्क’ हा संस्कृत ‘मुष्क’ (वृषण) यावरून आला असावा, हे मत त्यामानाने अधिक ग्राह्य वाटते.

1888 मध्ये रसायनज्ञ आल्बर्ट बाऊर टीएनटीसदृश स्फोटकांवर काम करीत असता त्यांना कस्तुरीगंधी नायट्रो संयुग (नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा गट असलेले) सापडले. त्यानंतर मस्क झायलीन, मस्क कीटोन व मस्क अँब्रेट ही संयुगे आली. खऱ्या कस्तुरीतील मस्कोन मात्र मोठ्या वलयाचे (कार्बन अणूंचे मोठे कडे असलेले) कीटोन आहे (रचनानिश्चिती रसायनज्ञ रुझिच्का, 1926). त्यात नायट्रो गट नाही. म्हणजे वास सारखा असला, तरी त्यावरून विषारीपणाचा अंदाज बांधता येत नाही.

सुरुवातीच्या चाचण्यांचा भर त्वचेवर होता. सुगंधी द्रव्यांच्या क्षेत्रात ‘रिफम’ ही संशोधनसंस्था 1966 मध्ये, तर मानके ठरवणारी ‘इफ्रा’ 1973 मध्ये स्थापन झाली. साधारणतः 1950 च्या दशकात वापरात आलेले एईटीटी हे कृत्रिम कस्तुरीचे संयुग उंदरांच्या मज्जासंस्थेला घातक ठरले. त्यांची आतली इंद्रियेही निळसर पडली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मागे घेतले गेले. मस्क अँब्रेटमुळे उन्हात त्वचेची ॲलर्जी उद्भवते असे पुढे आढळले आणि त्यावरही बंदी आली.

नहाणीतून वाहून जाणाऱ्या अंशाकडे लक्ष गेले ते त्यानंतर. 1981 मध्ये टोकियोजवळील तामा नदीतल्या माशांत मस्क झायलीन व मस्क कीटोन सापडल्याचे प्रसिद्ध झाले. 1990 च्या दशकात जर्मनीत मातेच्या दुधातही नायट्रो कस्तुरी आढळली. पर्यावरणाच्या बाबतीत पाण्यातील अंदाजित मात्रेला अपाय न करणाऱ्या अंदाजित मात्रेने भागतात. भागाकार 1 च्या वर गेला, तर धोका मानतात. टिकाऊ द्रव्यांना हे गणित अपुरे पडते, कारण ती साठतच जातात. म्हणून यूरोपीय संघाच्या रसायनांविषयीच्या ‘रीच’ नियमांत निराळी कसोटी आहे : पाण्यातील अर्धायुष्य (निम्मे द्रव्य नाहीसे होण्यास लागणारा काळ) 60 दिवसांहून अधिक आणि माशातील साठवण गुणांक (पाण्याच्या तुलनेत माशातील प्रमाण किती पट) 5,000 च्या वर असल्यास द्रव्य ‘अति टिकाऊ व अति जैवसंचयी’ ठरते. मस्क झायलीन या कसोटीने 2008 मध्ये चिंताजनक द्रव्यांच्या यादीत गेले. ऑगस्ट 2014 नंतर तेथे परवान्याशिवाय त्याचा वापर करता येत नाही.

गॅलॅक्सोलाइड व टोनॅलाइड या बहुवलयी (एकमेकांना जोडलेली अनेक वलये असलेल्या) कस्तुरींबाबत एकमत नाही. चरबीत विरघळण्याच्या गुणावरून त्या माशांत पुष्कळ साठाव्यात. प्रत्यक्ष मोजलेला गुणांक मात्र 2,000 च्या आतच भरतो, कारण मासे त्यांचे शरीरात विघटन करतात. मोजमाप हाती असताना केवळ विद्राव्यतेवरून काढलेला निष्कर्ष गौण मानावा, हे बरे. विघटनातून उरणाऱ्या पदार्थांची तपासणी मात्र मूळ संयुगांइतकी झालेली नाही.