प्रवाळांची ऊतकगळ आणि अँटिबायोटिकचा वाद: पार्श्वभूमी

कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांवर काळे आणि पांढरे पट्टे सरकताना १९७० च्या दशकात नोंदले गेले. पट्टा पुढे जाई आणि मागे नुसता सांगाडा उरे; जिवंत ऊतक असे गळून जाणे म्हणजे ऊतकगळ. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये हा प्रकार डोळ्यांत भरला तो १९९० च्या दशकात, फांद्यांचे दगडी कोरल (प्रवाळ) घरी तगू लागल्यावर. एका रात्रीत अख्खी वसाहत सोलल्यासारखी पांढरी पडली की आरटीएन (जलद ऊतकगळ), बुडाकडून आठवडेच्या आठवडे सरकत राहिले की एसटीएन (संथ ऊतकगळ). एकच एक जंतू दोन्हींच्या मुळाशी सापडलेला नाही, आणि टँकमध्ये अँटिबायोटिक टाकावे की नाही हा सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

त्याच दशकात काहींनी आजारी फांद्या क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकच्या पाण्यात, पण वेगळ्या भांड्यात बुडवून पाहिल्या. पुढे लक्ष रसायनांकडे वळले. नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्यावर आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) १० डीकेएचच्या वर असली की अॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोके जळतात, हे अनेकांना महागात पडून कळले. समुद्रात ती साधारण ७ असते. अॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या किड्याला तर शास्त्रीय नाव २०११ मध्ये मिळाले. त्याचे फिकट गोल चावे आणि बुडाशी उघड्या सांगाड्यावर चिकटलेली अंडी बघितलीच नाहीत, तर ते दुखणे एसटीएन म्हणून खपते. डिपने, म्हणजे औषधी पाण्यात बुडवून काढल्याने, किडे झडतात, अंडी तशीच राहतात.

२०१४ मध्ये मायामीजवळ एक नवी ऊतकगळ दिसली आणि ती वीसपेक्षा जास्त जातींच्या दगडी प्रवाळांवर पसरली. पाणबुड्यांनी जखमेच्या कडेवर अमॉक्सिसिलिनचा लेप दाबून बसवला, तेव्हा बऱ्याच जखमा थांबल्या. त्याच वसाहतीवर नव्या जखमा मात्र येत राहिल्या, म्हणून लेप पुन्हा पुन्हा लावावा लागला. याच अनुभवाचा दाखला देऊन आज अख्ख्या टँकमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक टाकले जाते. हा दाखला चुकीचा आहे. तिथे औषध जखमेपुरते होते; इथे ते खडक, वाळू, फिल्टर, निरोगी कोरल सगळ्यांना मिळते आणि बदललेल्या पाण्याबरोबर गटारात जाते. सिप्रो उजेडात विघटित होते, म्हणून दिवे बंद ठेवतात. तरी पाण्यात प्रत्यक्ष किती उरले ते कोणी मोजत नाही. अपुऱ्या मात्रेतून तगलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि हे औषध माणसांनाही लागते. शिवाय औषधाच्या दिवसांत धास्तावलेला माणूस अल्कलिनिटी स्थिर ठेवतो, पाणी बदलतो, प्रवाह सुधारतो. मग गळ नेमकी कशाने थांबली?

कापण्याचा उपाय जुना आणि साधा. पांढऱ्या कडेपासून आत, निरोगी भागात काप घ्यायचा, कापलेली बाजू सुपरग्लूने बंद करायची आणि तुकडा वेगळ्या पाण्यात ठेवायचा. तोही दर वेळी लागू पडत नाही, पण चुकला तर नुकसान त्या एका तुकड्याचे.

अलीकडे टँकमधल्या जिवाणूंची डीएनए चाचणी करून मिळते. अहवालात व्हिब्रिओ हा जिवाणू दिसला की लगेच औषध टाकले जाते. व्हिब्रिओ निरोगी टँकमध्येही सापडतात.