सोलापूरचं सेटलमेंट आणि जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा

सोलापुरात 'सेटलमेंट' म्हटलं की शहरातल्या माणसाला पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायची ही वसाहत. तिथली 'फ्री कॉलनी'सुद्धा नावानिशी टिकून आहे. नव्या माणसाला वाटतं, फ्री म्हणजे फुकट. मूळ अर्थ वेगळा होता. तारेच्या कुंपणाआत बरीच वर्षं 'नीट वागल्यावर' ज्यांना कुंपणाबाहेर राहायची मुभा मिळाली, त्यांची ही वस्ती. सरकारी भाषेत ते आता मोकळे होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीनुसार कामं वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरली, हे बहुतेकांच्या लक्षात राहिलं. त्याच निकालात विमुक्त जमातींबद्दल, म्हणजे एकेकाळी कायद्यानं 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींबद्दलही बरंच काही आहे. या जमातींतल्या लोकांना पोलिसांनी मनमानी अटक करू नये, असं न्यायालयाला २०२४ मध्ये सांगावं लागलं. ते का सांगावं लागलं, हे कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

गुन्हे कमी करायचे तर गुन्हेगाराला पकडा, ही साधी रीत. इंग्रजांनी दुसरीच काढली. ठगांच्या बंदोबस्तासाठी १८३६ मध्ये जो कायदा झाला, त्यात अमुक खून अमक्यानं केला हे सिद्ध करायची गरजच ठेवली नव्हती. तो ठगांच्या टोळीतला आहे एवढं ठरलं की जन्मठेप. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला, तेव्हा टोळीच्या जागी अख्खी जमात बसली. सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा विणकर होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा त्यामागचा युक्तिवाद. जातिव्यवस्था अर्धवट समजलेल्या साहेबांनी ती पोलीस खात्याला लावली, असंच म्हणावं लागेल. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की ती अधिसूचना हाच पुरावा. तिच्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे.

सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये नवा कायदा झाला आणि तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. १९२४ मध्ये त्याचं एकत्रीकरण झालं. मग बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर दाखला. हजेरी चुकली तर तोच गुन्हा. म्हणजे चोरी न करताही माणूस शिक्षेला पात्र होई, आणि ती शिक्षा पुन्हा त्याच्या नोंदीत चढे. ही गंमत नीट पाहण्यासारखी आहे: कायद्यानंच गुन्ह्यांचा आकडा वाढवायचा आणि मग तो आकडा दाखवून जमात कशी गुन्हेगार आहे हे सांगायचं.

यादीत कोण होते? रामोशी होते. पुरंदरसारख्या किल्ल्यांची राखण ज्यांच्याकडे होती ते. उमाजी नाईकांना इंग्रजांनी १८३२ मध्ये फाशी दिलं, ती आठवण सरकार विसरलं नसावं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारे बंजारेही होते. रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला. कैकाडी, कंजारभाट, पारधी, वडार, बेरड, भामटा अशी ही यादी वाढत जाते. यांतल्या बहुतेकांचा खरा दोष एकच होता, ते एका गावात राहत नव्हते. सारा वसूल करणाऱ्या सरकारला पालं उठवून निघून जाणारा माणूस नेहमीच संशयित वाटतो.

सोलापूर, हुबळी, गदग इथल्या वसाहती हा या धोरणाचा 'सुधारणावादी' भाग. गिरण्यांना कामगार हवे होते, सरकारला देखरेख हवी होती. सकाळी हजेरी, मग गिरणी, सुटल्यावर पुन्हा कुंपणाआत. मुलांसाठी शाळाही होती. मात्र मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायची तरतूदही कायद्यात होती, आणि ही सोय १८९७ च्या दुरुस्तीपासूनची. मुंबई इलाख्यातल्या या वसाहतींचा कारभार पाहणारे अधिकारी होते ओ. एच. बी. स्टार्ट. दलित आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी १९२८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षही हेच, आणि त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. मागासवर्गीयांच्या कल्याणाचं खातंही पुढे याच स्टार्ट यांच्या हाती आलं. आजच्या समाजकल्याण खात्याच्या पूर्वजांत एक तारेचं कुंपण आहे, हे कुणी फारसं बोलत नाही.

स्वातंत्र्य मिळालं तरी कुंपण लगेच उतरलं नाही. मद्रासनं १९४७ मध्ये आणि मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये आपापल्यापुरता हा कायदा रद्द केला. केंद्रानं अनंतशयनम अय्यंगार यांची समिती नेमली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. १५ ऑगस्टनंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी आलेलं हे स्वातंत्र्य.

पण पोलिसांना हजेरीची सवय लागली होती. जमातीऐवजी माणूस धरणारे सराईत गुन्हेगार कायदे राज्याराज्यांत झाले, महाराष्ट्राला लागू असलेला मुंबईचा कायदा १९५९ चा. कागदावर फरक मोठा आहे, कारण इथे जात नव्हे तर त्या माणसाला झालेल्या शिक्षा मोजायच्या असतात. पण त्या आधीच्या संशयाच्या नोंदी ज्या वस्त्यांवर भरल्या, त्याच वस्त्यांवर पुन्हा भरल्या जातात. गावात घरफोडी झाली की पहिली गाडी कुठल्या पालाकडे जाते, हे ठाण्यातल्या हवालदाराला विचारावं लागत नाही. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात विमुक्त जमातीतला बुधन शबर हा तरुण कोठडीत मेला, तेव्हा लेखिका महाश्वेता देवी, भाषाअभ्यासक गणेश देवी आणि आपले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी या प्रश्नावर एकत्र काम सुरू केलं. विमुक्त-भटक्यांसाठी केंद्रानं नेमलेले रेणके आयोग आणि इदाते आयोग त्यानंतरचे.

महाराष्ट्रात आज चौदा विमुक्त जाती आहेत आणि तीन टक्के आरक्षण आहे. जातीचा दाखला काढायला गेलं की कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून इथलं असल्याचा पुरावा मागतात. ज्या आजोबांना गाव सोडायलाही दाखला लागे, ज्यांच्या दहाही बोटांचे ठसे सरकारनं घेतले होते, त्यांचा नातू आज तहसील कचेरीत ते इथेच राहत होते हे सिद्ध करणारा एखादा कागद शोधत उभा असतो.