टाकीत ऑक्सिजन असूनही जीव का गुदमरतो?

इंदूरहून महूची छावणी पंचवीसेक किलोमीटरवर. इथल्या बऱ्याच मराठी घरांत कुणी ना कुणी फौजेत आहे किंवा होता. त्यामुळे शाळा-कॉलेजातली मुलं विज्ञानकथा लिहायला बसली की परग्रहावर अडकलेली तुकडी हमखास येते. मी रसायनशास्त्र शिकवतो म्हणून या कथा माझ्याकडे येतात आणि मी त्या मनापासून वाचतो. यान कोसळतं, वायरलेस बंद पडतो, शत्रू टेकडीपलीकडे दबा धरून असतो आणि शेवटच्या पानावर सुभेदारांच्या टाकीचा काटा शून्याकडे सरकतो. काटा दर वेळी ऑक्सिजनचाच असतो. पण बंद जागेत अडकलेल्या माणसाला ऑक्सिजन संपण्याआधी गाठतो तो त्याच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड.

हिशेब करून बघा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो आणि 200 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चार जवान एका बंद गाडीत आहेत आणि आत 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर हवा आहे असं धरू. दहा तासांत त्यांनी 600 लिटर ऑक्सिजन वापरला. तो 21 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आला. लेहच्या हवेत फुप्फुसांना याहून कमी ऑक्सिजन मिळतो आणि तिथे आपले जवान रोज ड्युटी करतात. मात्र त्याच दहा तासांत कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्क्यांवरून जवळपास 5 टक्क्यांवर गेला, म्हणजे शंभर पटींहून जास्त. या हवेत धाप लागते, डोकं ठणकतं, विचार गोंधळतात. 10 टक्क्यांवर गेला की शुद्ध हरपते. आता सुभेदारांनी टाकी उघडली आणि ऑक्सिजन पुन्हा 21 टक्के केला, तरी हे संकट तसूभरही कमी होत नाही.

असं का, हा माझा सगळ्यात आवडता विषय. कार्बन डायऑक्साइड रक्तात गेला की पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतो. एरवी ही क्रिया संथ आहे, पण लाल पेशींत कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला लाखो रेणू हातावेगळे करतो. आम्लातून हायड्रोजन आयन सुटतात आणि रक्ताचा सामू (pH, आम्ल वाढलं की घटणारा आकडा) 7.4 वरून खाली यायला लागतो. रक्तातली प्रथिनं हे आयन बऱ्याच अंशी पकडून ठेवतात, म्हणून रक्त काही काळ तग धरतं. मेंदूची गोष्ट वेगळी. मेंदू आणि रक्त यांच्यामधला पडदा हायड्रोजन आयनांना सहज आत सोडत नाही, पण कार्बन डायऑक्साइडला अजिबात अडवत नाही. तो पलीकडे जातो आणि मेंदूभोवतीच्या द्रवात पुन्हा आम्ल बनवतो. त्या द्रवात प्रथिनं नसल्यात जमा, त्यामुळे सामू चटकन घसरतो. मेंदूच्या तळाशी, पाठीचा कणा जिथे सुरू होतो त्याच्या जरा वर, हा सामू जोखणाऱ्या पेशी आहेत. त्या श्वास वाढवायचा हुकूम सोडतात. ऑक्सिजन जोखणाऱ्या पेशीही आहेत, मानेतल्या रोहिण्यांजवळ, पण ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय त्या जोर धरत नाहीत.

थोडक्यात, श्वासाचा लगाम कार्बन डायऑक्साइडच्या हाती आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1905 मध्ये हे दाखवून दिलं. पुढे भारताचं नागरिकत्व घेऊन भुवनेश्वरला राहिलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन हे या हॉल्डेन यांचे चिरंजीव.

याचा पुरावा महेश्वरच्या घाटावर दिसतो. नर्मदेत जास्त वेळ बुडी मारायची म्हणून पोरं आधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. मग वर यायची ओढ वेळेवर लागत नाही आणि मुलगा पाण्याखालीच बेशुद्ध होतो. असं कधीच करू नका, कुणाला करूही देऊ नका.

जुन्या विहिरीत उतरलेला माणूस वर आला नाही आणि त्याला काढायला गेलेला दुसराही गेला, की गावात आसरांचं नाव निघतं. तिथे आसरा नसतात. पालापाचोळा कुजून तळाशी ऑक्सिजन कमी झालेला असतो आणि हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. नारळ फोडण्यात वेळ घालवू नका, आणि हवा खेळती केल्याशिवाय दुसऱ्या माणसाला खाली सोडू नका.

कथालेखकांनी एप्रिल 1970 मधलं अपोलो 13 हे चंद्राकडे निघालेलं अमेरिकी यान अभ्यासावं. ऑक्सिजनची टाकी फुटली हे सगळ्यांना आठवतं. पण चंद्रावर उतरायच्या ज्या छोट्या यानात तिघांनी आसरा घेतला त्यात ऑक्सिजन पुरेसा होता. अपुरे होते ते कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे, कारण हे छोटं यान दोघांना दोन दिवस पुरेल असं बनवलं होतं आणि आता त्यात तिघांना जवळजवळ चार दिवस काढायचे होते. मुख्य यानातले जादा डबे चौकोनी, इथली जागा गोल. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांनी जोड बसवला.

त्या डब्यांत लिथियम हायड्रॉक्साइड असतं. चुन्याची निवळी फुंकर मारल्यावर पांढरी होते, तीच जातकुळी. चुन्याऐवजी लिथियम का, तर वजनासाठी. रोजची हालचाल धरून माणूस दिवसाला सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो शोषायला चुना लागेल पावणेदोन किलो, लिथियम हायड्रॉक्साइड सव्वा किलोच्या आत. पण एकदा वापरलं की संपलं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात म्हणून झिओलाइट नावाचं सच्छिद्र खनिज वापरतात. ते कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, मग तापवून आणि बाहेरच्या निर्वातासमोर उघडून रिकामं करता येतं. मंगळावर हीच युक्ती अडते. तिथली हवा विरळ असली तरी 95 टक्के कार्बन डायऑक्साइडचीच आहे. त्याचा दाब साधारण साडेचार मिलिमीटर पारा भरतो, म्हणजे स्थानकाच्या केबिनमध्ये असतो जवळपास तितकाच. बाहेर निर्वात नसेल तर झिओलाइट पुरतं रिकामं होणार कसं? आधी पंप लावून ते उपसावं लागेल आणि पंपाला वीज लागेल.

तेव्हा सुभेदारांनी डबे मोजावेत. चौघांना रोज साडेचार किलो लिथियम हायड्रॉक्साइड लागेल, सगळे पडून राहिले तर त्याच्या साधारण निम्मं. फावडं घेऊन वाळूत रुतलेली गाडी उकरणारा जवान पडून राहिलेल्याच्या सात-आठ पट कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे तासभर खोदायचा हुकूम दिला, तर त्या जवानाच्या पडून राहण्याचे सात-आठ तास खर्ची पडले. आणि त्याच वेळी टेकडीपलीकडे शत्रू आहे.