चामड्याचा बूट सह्याद्रीत भिजतो तेव्हा

दादरच्या दुकानात ट्रेकसाठी बूट घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वॉटरप्रूफ आहे ना?" दुकानदारही खुशीने मान डोलावतो. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला त्याच्या दुपटीहून जास्त. राजमाचीच्या वाटेवरचा ओढा असो की मुरबाडकडच्या शेताचा बांध, पाणी घोट्याच्या वरून, मोज्यावरून ओघळत आत उतरतं. वॉटरप्रूफपणा तिथेच संपतो. पुढचा हिशेब वेगळा: भिजलेलं चामडं कसं वागतं, किती वेळात वाळतं, आणि सोल गेला तर बदलता येतो का.

मेम्ब्रेनवाले महागडे बूट पावसाळ्यात इथे निराशा का करतात, ते आधी पाहू. त्यांच्या चामड्याच्या आणि अस्तराच्या मध्ये एक अतिपातळ प्लास्टिकचा पापुद्रा असतो. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. पण आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच वाफ बाहेर ढकलली जाते. घामेजलेल्या बुटात ३४ अंश सेल्सिअस तापमान आणि बाष्पाने पूर्ण भरलेली हवा धरली, तर आतला दाब साधारण ५.३ किलोपास्कल होतो. युरोपातल्या डोंगरात बाहेर ५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर बाहेरचा दाब ०.६ च्या आसपास, म्हणजे फरक ४.७ चा. आपल्याकडे जुलैत २७-२८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते, त्यामुळे बाहेरचाच दाब ३.३ होतो. उरला फरक अवघा २ चा. तोच बूट, तोच पापुद्रा, पण घाम बाहेर टाकण्याचा जोर निम्म्याहून कमी. त्यात वरून पाणी शिरलं की ते पापुद्र्यामुळे आतच कोंडतं आणि बूट दोन-तीन दिवस ओला राहतो. हिमालयाच्या थंडीत हा बूट छान काम देतो. मुंबईच्या माणसाने पावसाळी ट्रेकसाठी त्याचे जादा पैसे मोजू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

साधं चामडं मात्र या बाबतीत हुशार आहे. चामडं म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. हे तंतू स्वतः बाष्प शोषतात, धरून ठेवतात आणि बूट काढला की हळूहळू सोडतात. जनावराच्या कातडीत केसांच्या बाजूचा थर बारीक, घट्ट विणीचा असतो. खाली जावं तशी वीण जाड आणि सैल होत जाते. बुटाचं टिकाऊपण त्या वरच्या घट्ट थरात आहे. तो जसाच्या तसा ठेवला तर ते फुल ग्रेन चामडं. वरून घासून, रंगाचा लेप देऊन, छाप मारून सारखा केला तर करेक्टेड ग्रेन. आणि कातडी आडवी चिरून खालचाच थर वापरला, त्यावर प्लास्टिकचा मुलामा दिला, तर तो स्प्लिट. पाटीवर मात्र तिन्हींना सर्रास "अस्सल लेदर" म्हटलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं!

भारतात कामाच्या बुटांसाठी म्हशीचं चामडं फार वापरलं जातं. ते जाड असतं, पण त्याचा पोत खरखरीत, म्हणून त्यावर दाणेदार छाप मारतात. व्यापारात त्याला "बार्टन प्रिंट" म्हणतात. त्यात वाईट काही नाही. लेप किती जाड आहे एवढंच बघायचं. जाड लेप बोटांच्या मुळाशी, जिथे बूट प्रत्येक पावलाला वाकतो, तिथे सहा महिन्यांत तडकतो. मग त्या भेगांतून पाणी शिरतं आणि लेपाखाली अडकून राहतं.

दुकानात हे ओळखायला यंत्र लागत नाही. अंगठ्याने चामडं बाहेरून आत दाबा. बारीक, दाट सुरकुत्या पडल्या तर थर घट्ट आहे. मोठ्या, फुगीर घड्या पडल्या तर वरचा थर खालच्यापासून सुटू लागला आहे; असा बूट घेऊ नये. जिभेची कापलेली कड निरखून पाहा. तिथे तंतुमय, केसाळ कड दिसायला हवी. वर चकचकीत पापुद्रा आणि खाली जाड, सैल तंतू दिसले तर तो मुलामा दिलेला स्प्लिट. जाडी शेतकामाला १.८ ते २.२ मिलिमीटर पुरते, खडकाळ चढणीसाठी २.४ ते २.८. त्याहून जाड बूट सह्याद्रीत उगाच ओझं: पायातलं वजन १०० ग्रॅमने वाढलं की चालण्याची ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते, आणि कळसूबाईच्या १६४६ मीटर माथ्यापर्यंत पावलं पुष्कळ पडतात.

शिवणी जितक्या कमी तितकं बरं, कारण प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा हवा; सुती दोरा ओलीत कुजतो. जीभ दोन्ही बाजूंनी पडद्यासारखी शिवलेली असावी. ती शिवण जिथपर्यंत येते, पाण्याची पहिली वेस तिथपर्यंत.

कमावण्याची पद्धतही विचारावी. बाजारातलं बहुतेक बुटाचं चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापारात आली. दुसरी पद्धत जुनी, झाडपाल्याची: बाभळीची साल, हिरडा. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच कमावतात. क्रोमचं चामडं ओलं असताना जवळपास १०० अंशांपर्यंत आकसत नाही, तर सालीने कमावलेलं ७५ ते ८५ अंशांनाच आकसून कडक होतं. न कमावलेली कातडी तर ६०-६५ अंशांनाच आवळते. म्हणून ट्रेकच्या बुटाला वरचं चामडं क्रोमचं हवं. पायाखालचा आतला तळ मात्र सालीच्या चामड्याचा असेल तर भाग्यच: तो महिनाभरात पायाच्या ठशाप्रमाणे बसतो. सालीच्या चामड्याला लोखंडी खिळे किंवा गंजकी रिंग लागली की काळे डाग पडतात. टॅनिन आणि लोह एकत्र येऊन काळा रंग होतो. जुन्या काळची शाई याच रसायनाने बनत असे. म्हणून रिंगा पितळी बघून घ्या.

आता सोल. बूट चामड्यामुळे कमी आणि सोलमुळे जास्त मरतात.

मऊ, हलका, पायाला गुदगुल्या करणारा सोल बहुधा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असतो. त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या रेणूसाखळीत जे एस्टर बंध असतात, ते पाणी तोडतं. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगाने करतं. यासाठी बूट ओढ्यात बुडवायची गरज नाही, हवेतली दमट वाफ पुरते. माळ्यावर डब्यात जपून ठेवलेला नवाकोरा बूट चार-पाच वर्षांनी काढावा, घालून लोकलमध्ये चढावं आणि वांगणीला उतरेपर्यंत सोलचा चुरा फलाटावर पडावा, हे मुंबईच्या हवेत अगदी शास्त्रशुद्ध आहे. वापरलेल्या बुटात दाबामुळे ओल काही प्रमाणात बाहेर पडते असं बरेच कारागीर सांगतात. ते काहीही असो, "सेल"मधला जुना साठा घेताना सोल उलटा करून पाहा. साच्यात ओतलेल्या पुष्कळ सोलवर घड्याळासारखी एक छोटी तबकडी उमटलेली असते: कडेला बारा महिने, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे बोट दाखवणारा बाण. दोन वर्षांपेक्षा जुना पॉलियुरेथेनचा सोल सवलतीतही घेऊ नये. ईव्हीए (हलक्या प्लास्टिकचा) फोम असा विरघळत नाही, फक्त दबून मरतो. रबर या तिन्हींत सगळ्यात दीर्घायुषी.

रबराच्या सोलवरचे खोल दात ही इटलीची देणगी. १९३५ मध्ये आल्प्समधल्या पुंता रासिकावर सहा गिर्यारोहक वादळात दगावले. त्या दुर्घटनेनंतर विताले ब्रामानी यांनी खोल नक्षीचा रबरी सोल बनवायला घेतला आणि १९३७ मध्ये तो आला. आपल्या बेसॉल्टवर नक्षीपेक्षा रबराचा मऊपणा जास्त मोलाचा ठरतो. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कडक रबर आणि कडक पॉलियुरेथेन दोन्ही साबणासारखे घसरतात. नखाने दाबल्यावर किंचित दबणारं रबर घ्यावं. ते लवकर झिजेल, पण हाडं शाबूत राहतील. दात ४-५ मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून सुटे हवेत, नाहीतर लाल मातीचा चिखल त्यांत भरून सोल गुळगुळीत होतो. उतारावर टेकण्यासाठी टाचेला पुढच्या बाजूने सेंटीमीटरभर उभा कंगोरा असावा. सपाट सोलवाल्याची नाणेघाट उतरताना गाळण उडते.

सोल जोडलाय कसा, यावर बुटाचा पुनर्जन्म अवलंबून. सगळ्यात स्वस्त ते "पेस्टिंग", म्हणजे नुसता डिंक. भिजून-वाळून, भिजून-वाळून तो चोचीपाशी सुटतो. साच्यात वितळलेला सोल थेट चामड्याला चिकटवलेला असेल तर तो सुटत नाही, पण बदलताही येत नाही. गुडइयर वेल्ट पद्धतीत चामड्याला सभोवार एक पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला. सोल झिजला की तेवढी शिवण उसवून नवा लावायचा, वरच्या चामड्याला हातही लागत नाही. बूट जड होतो, सुरुवातीला पायाशी भांडतो. तरी दहा वर्षं वापरायचा असेल तर हाच. इथे एक फसवणूक चालते: रबराच्या कडेवर नुसते टाके उमटवलेले असतात. खऱ्या वेल्टचा दोरा सोलच्या खालच्या बाजूला, खाचेत दिसतो. चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत बूट-चपलांचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. सोल बदलायचं काम स्टेशनबाहेरच्या घाईपेक्षा तिथे विचारावं.

शेतावरच्या बुटाचं गणित थोडं निराळं आहे. परदेशी सल्ला सांगतो की सोलमध्ये पोलादी पट्टी हवी, कारण पाय देऊन फावडं मातीत दाबायचं असतं. आपण फावडं आणि कुदळ दाबत नाही, स्वतःच्या पायाच्या दिशेने हाणतो. त्यामुळे इथे धोका बोटांना आहे. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या भाग २ मधल्या बुटाची बोटांवरची पोलादी टोपी २०० जूल आघात सोसते, म्हणजे २० किलोचा धोंडा साधारण एक मीटरवरून पडला तितका. "पी" अक्षराचा बूट तळातून घुसणाऱ्या खिळ्याला ११०० न्यूटनपर्यंत अडवतो. बाभळीच्या काट्याला तो अर्थातच पुरून उरतो. राब भाजल्यावर (रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजल्यावर) लगेच शेतात फिरायचं असेल तर "एचआरओ" खूण पाहा: तो सोल ३०० अंशांच्या पृष्ठभागावर मिनिटभर टिकल्याची चाचणी झालेली असते. पण हाच टोपीवाला बूट ट्रेकला नेऊ नये. उतारावर बोटं पोलादावर आपटतात, आणि पोलाद सैल होत नाही.

आणि भातलावणी? तिथे चामड्याचा बूट न्यायचाच नाही. चिखलणी केलेल्या वावरात तो रुततो, शिवाय शेण आणि मूत्र यांतला अमोनिया अल्कधर्मी. चामड्याचा सामू (पीएच) ३.५ ते ४.५ म्हणजे आम्लधर्मी असतो, अल्कामुळे कोलॅजेन फुगून सैल पडतं. तिथे गमबूट. (याच कारणाने चामडं कपड्याच्या साबणाने धुऊ नये.) पायाला चीर असेल तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असलेलं पाणी चामड्याच्या बुटातही शिरतंच. गवतात आणि बांधावर मात्र घोट्याच्या वर येणारा जाड बूट मोठा आधार. घोणस आणि फुरसं बहुधा पायालाच चावतात.

माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. ट्रेकचे मोजे घालून उभं राहा, पुढे बोटभर, म्हणजे १०-१२ मिलिमीटर जागा. टाच ५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलली जाऊ नये. इंग्लिश मापात एका नंबरचा फरक साडेआठ मिलिमीटरचा, युरोपियन मापात पावणेसात. दोन नंबरांच्या मध्ये अडकलात तर युरोपियन नंबरवर बारीक निवड होते. दुकानात जिना उतरून बघा: बोटं पुढे आपटली तर तो बूट लोहगड उतरताना नखं काळीनिळी करणार. बूट घरात रोज तासभर, असे आठवडाभर घालावेत, मगच डोंगर.

भिजून घरी आल्यावर आतला तळ आणि लेस काढा, चिखल साध्या पाण्याने धुवा, वर्तमानपत्राचे बोळे भरा. पहिल्या तासाभरात ते बदला, नंतर दर तीन-चार तासांनी. पंख्याखाली २४ ते ४८ तास. गॅसजवळ, उन्हातल्या गाडीत किंवा फ्रिजच्या मागे ठेवायचं नाही: ओल आणि उष्णता एकत्र आली की चामडं आकसतं आणि डिंकही सुटतो. किंचित ओल असतानाच मेणयुक्त पॉलिश बोटांनी चोळा, शिवणींना आधी. खोबरेल तेलाचा मोह आवरा. ते २४-२५ अंशांना वितळतं, त्यामुळे मुंबईत द्रव राहून चामड्यात आरपार जातं, चामडं ढिलं करतं आणि सोलच्या डिंकापर्यंत पोहोचतं. शेंगदाण्याचं तेल तर खवट होऊन चिकटतं.

कपाटातल्या बुटावर पांढरं काही दिसलं तर हेअर ड्रायरची हलकी गरम हवा मारा. वितळून नाहीसं झालं तर ती आतून वर आलेली चरबी आहे, कापडाने पुसा. तशीच राहिली, केसाळ दिसली तर बुरशी: उघड्यावर घासून काढा, बूट कोरडे करा आणि सिलिका जेलच्या पुड्या आत टाका. कडेने खडबडीत, चाटल्यास खारट लागेल असा डाग म्हणजे घामाचं मीठ. ते ओल्या फडक्याने दोनदा टिपून निघतं.

सोलचे दात २ मिलिमीटरवर आले की कारागीर गाठावा. वेल्टच्या बुटात झीज पट्टीपर्यंत किंवा मधल्या थरापर्यंत पोहोचली की नुसता सोल बदलून भागत नाही, पट्टी आणि तळ दोन्ही नव्याने बसवावे लागतात, आणि ते काम करायला त्या बुटाचा फर्मा (पायाच्या आकाराचा साचा) ज्याच्याकडे आहे असा कारागीर शोधत फिरावं लागतं.